आमची वाटचाल : तेवीस हजार स्विच

कंपनी काढली तेव्हा आम्ही दोघंच होतो. भांडवल म्हणजे एक जुना ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) आणि नोकरीत शिकलेलं सी (प्रोग्रॅमिंगची भाषा). दुसऱ्यांच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांसाठी फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये बसणारा प्रोग्रॅम, लिहून द्यायचं, एवढाच धंदा.

पहिलं मोठं काम आमच्याच चुकीनं हातचं जायची वेळ आली होती. १६ मेगाहर्ट्झवर चालणारा कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर, त्यावर फ्रीआरटीओएस (अनेक टास्क, म्हणजे कामं, आलटूनपालटून चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे आरटीओएस), आणि सिरियल पोर्टवर १,१५,२०० बॉडनं (सेकंदाला तेवढे बिट) येणारा डेटा. बोर्ड मधूनच बाइट गाळायचा. टास्क बदलणारा, म्हणजे ‘स्विच’ करणारा कोडच मंद आहे, असं मी ठरवून टाकलं आणि तीन आठवडे पेंडएसव्हीचं (हा स्विच करणाऱ्या भागाचं) असेम्ब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या भाषेतला कोड, घासत बसलो. चार-सहा इन्स्ट्रक्शन वाचवल्या. बाइट गळतच राहिले.

मग माझ्या भागीदारानं टास्क जागा झाला की एक पिन वर जाईल आणि झोपला की खाली येईल, अशी सोय केली. स्क्रीनवर नुसता कंगवा! एका बाइटला दहा बिट धरून सेकंदाला ११,५२० बाइट, म्हणजे एका बाइटच्या वाट्याला प्रोसेसरची जेमतेम १,३९० सायकल (घड्याळाचे ठोके). त्यात आम्ही प्रत्येक बाइटला सेमाफोर (जागं व्हायची खूण) देऊन टास्क उठवत होतो. एकदा जायचं, एकदा परत यायचं. सेकंदाला तेवीस हजार स्विच. निम्मा वेळ या येरझाऱ्यांतच चालला होता. मग बाइट डीएमएनं (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणाऱ्या हार्डवेअरनं) परस्पर बफरमध्ये टाकले आणि लाइन शांत झाली की एकच इंटरप्ट (प्रोसेसरला हातचं काम थांबवायला लावणारी हाक) घेतला. वीस बाइटांच्या पॅकेटला टास्क एकदाच उठू लागला. माझं असेम्ब्ली होतं तसंच राहिलं, त्यानं काही बिघडलंही नाही.

पुढं ‘बोर्ड रखडतो’ म्हणणारी गिऱ्हाइकं याच कामासाठी येऊ लागली. त्यातला माझा लाडका चोर म्हणजे फ्लोट (फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे दशांश चिन्हाच्या आकड्यांचं गणित). साध्या टास्कचा स्विच १७ शब्द (३२ बिटांचे आकडे) स्टॅकवर, म्हणजे टास्कच्या राखीव मेमरीत, ठेवतो : ८ हार्डवेअर ठेवतं, ९ कर्नल (फ्रीआरटीओएसचा गाभा). पण टास्कनं एकदा जरी फ्लोटिंग पॉइंटला हात लावला, तरी त्यानंतर दर स्विचला आणखी ३४ शब्दांचं ओझं, एकूण ५१. लेझी स्टॅकिंग (गरज पडेपर्यंत फ्लोटचे आकडे न लिहिण्याची प्रोसेसरची युक्ती) इथं वाचवत नाही, कारण कर्नल एस१६ पासूनचे फ्लोटचे रजिस्टर (प्रोसेसरच्या आतले कप्पे) जपायला गेला की राखून ठेवलेले एस० ते एस१५ सुद्धा तिथंच लिहिले जातात. एका बोर्डावर सगळ्यात जास्त वेळा उठणारा टास्क सुरुवातीला एकदाच एक गुणाकार फ्लोटमध्ये करत होता. तो पूर्णांकात आणला, झालं काम.

आज आम्ही सात जण आहोत. कोटेशन देण्याआधी गिऱ्हाइकाकडून स्विचची मोजणी मागतो. काही वेळा तर आरटीओएस काढूनच टाका म्हणतो. छोटी कामं एकाच स्टॅकवर, एकामागून एक पूर्ण होत गेली तरी पुरतं. यावर आमचं दोघांचं अजून भांडण होतं.

माझं ते असेम्ब्ली कोडच्या रिपॉझिटरीत जपून ठेवलंय. नवीन कोणी रुजू झालं की भागीदार ते आवर्जून उघडून दाखवते.