काळा पडलेला फ्लास्क

सकाळी साडेनऊला प्रयोगशाळेत शिरलो, तेव्हा तीन लिटरच्या फ्लास्कमध्ये रात्रभर ढवळत ठेवलेले फिकट पिवळे मिश्रण काळे पडले होते आणि काचेच्या आतून काजळीसारखा थर धरला होता. उत्प्रेरकातले, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणाऱ्या संयुगातले, पॅलेडियम धातुरूपात साचले होते, म्हणजेच उत्प्रेरक मेला होता.

आम्ही सुझुकी अभिक्रियेने (पॅलेडियमच्या मदतीने ब्रोमाइड आणि बोरोनिक आम्ल यांचे कार्बन जोडण्याची पद्धत) २-ब्रोमोबेंझोनायट्राइल आणि पॅरा-टॉलिलबोरोनिक आम्ल जोडत होतो. त्यातून मिळणारे बायफिनाइल संयुग लोसार्टन, व्हल्सार्टन यांसारख्या रक्तदाबाच्या औषधांच्या सांगाड्याचा आधार आहे. अकिरा सुझुकी यांना २०१० चे नोबेल (हेक आणि नेगिशी यांच्यासह) मिळवून देणारी ही पद्धत एक ग्रॅमवर मला तीनदा निर्विघ्न साधली होती; ५० ग्रॅमच्या पहिल्याच प्रयत्नात ती फसली.

जीसी-एमएसमध्ये (मिश्रणातले घटक वेगळे करून त्यांच्या रेणूंचे वस्तुमान दाखवणारे यंत्र) न संपलेल्या ब्रोमाइडची १८१ आणि १८३ ही जोडशिखरे दिसत होती आणि त्यांच्याखेरीज १८२ चे एक एकटे शिखर होते. ते ४,४'-डायमिथाइलबायफिनाइल होते: बोरोनिक आम्लाचे दोन रेणू आपसातच जुळले होते, आणि असे होण्यामागे बहुधा ऑक्सिजन असतो. पण द्रावणातून तर मी तासभर नायट्रोजन सोडला होता!

दुपारी वही उघडून माझीच कृती ओळीने वाचली, तेव्हा चूक सापडली. लहान फ्लास्कमधील हवा मी निर्वात पंपाने तीनदा काढून नायट्रोजन भरला होता. मोठ्यावर यांत्रिक स्टरर असल्याने ते जमले नाही, म्हणून फक्त द्रव स्वच्छ केला आणि नंतर तोंड उघडून नरसाळ्याने ४१ ग्रॅम बोरोनिक आम्ल व मग उत्प्रेरक टाकला. द्रवावर सुमारे दोन लिटर पोकळी होती. ती हवेने भरली असेल, तर त्यात अंदाजे १७ मिलिमोल ऑक्सिजन येतो, आणि माझा उत्प्रेरक होता जेमतेम २.७५ मिलिमोल. हा हिशेब आदल्या दिवशीच करायला हवा होता.

दुसऱ्या वेळी सर्व घन पदार्थ आधी भरले, पोकळीतूनही नायट्रोजन दीर्घकाळ वाहू दिला, आणि पिवळाधमक उत्प्रेरक त्या प्रवाहातच शेवटी सोडला. संध्याकाळपर्यंत मिश्रण पिवळेच राहिले आणि टीएलसीवर (घटक ठिपक्यांच्या रूपात वेगळे दाखवणारी पट्टी) ब्रोमाइडचा ठिपका उरला नाही. पहिल्या फ्लास्कमधली काळी पूड गाळून, चिठ्ठी लावून, पॅलेडियम परत मिळवण्यासाठी वेगळ्या बाटलीत ठेवली आहे.