व्हिडिओ कळला नाही, तरी अभिप्राय कसा द्यायचा?

कला शिकवणारे बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात. विद्यार्थ्याने प्रायोगिक व्हिडिओ दाखवला, त्यात कथा नाही, पात्रं नाहीत, आणि खरं सांगायचं तर आपल्याला तो नीटसा कळलेलाही नाही. अशा वेळी त्याच्या उपयोगाचं बोलायचं काय? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

व्हिडिओचा अर्थ लावून दाखवणं हे आपलं पहिलं काम नव्हेच. असं प्रत्येक काम स्वतःसाठी एखादा नियम घालून घेतं: कॅमेरा हलणार नाही, कट (एका दृश्यातून दुसऱ्यात उडी) आवाजावरच पडेल, एकच कृती पुन्हा पुन्हा येईल. हा नियम बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन मिनिटांत दिसतो. तो ओळखायचा, कुठे पाळला गेला आणि कुठे मोडला ते पाहायचं, आणि मोडला तो ठरवून की नकळत, हे विद्यार्थ्याला विचारायचं. चांगला अभिप्राय इथूनच सुरू होतो, आणि त्यासाठी व्हिडिओ ‘कळलेला’ असण्याची गरज नसते.

आधी पाहण्याविषयी. पहिल्यांदा पाहताना थांबवू नका आणि टिपणंही घेऊ नका. विद्यार्थ्यालाही आधी काही समजावून सांगू देऊ नका. त्याचं निवेदन, म्हणजे कामाविषयी त्याने लिहिलेलं टिपण, पहिल्यांदा पाहून झाल्यावरच वाचा. दुसऱ्या वेळी टाइमकोडसकट, म्हणजे व्हिडिओतलं मिनिट-सेकंद लिहून, टिपणं काढा. वेळ असेल तर एकदा आवाज बंद करून पाहा आणि एकदा डोळे मिटून फक्त ऐका. चित्राच्या आधाराने तगून राहिलेला दुबळा आवाज तेव्हा लगेच उघडा पडतो. काम अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टरवर दाखवायचं असेल, तर लॅपटॉपवर पाहून मत देऊ नका. ते लूपमध्ये, म्हणजे संपलं की पुन्हा पहिल्यापासून, चालणार असेल तर मध्येच कुठूनतरी बघायला लागा, कारण दालनातला प्रेक्षकही तसाच मध्येच येतो.

मग बोलायची वेळ येते. सुरुवात वर्णनाने करा, मताने नको. ‘छान आहे’, ‘इंटरेस्टिंग आहे’, ‘मला नाही भिडलं’ यांतल्या एकाही वाक्यावरून विद्यार्थ्याला एडिट टेबलवर काही करता येत नाही. ‘मी असतो तर असं केलं असतं’ हे तर पूर्ण टाळा, त्यातून तुमचा व्हिडिओ तयार होतो, त्याचा नाही.

उदाहरण घेऊ. समजा सहा मिनिटांचा व्हिडिओ आहे. दोन हात कागदाची घडी घालतात आणि उलगडतात. वीस सेकंदांची ही एकच क्लिप अठरा वेळा येते, आणि दर वेळी आधीच्या प्रतीची प्रत काढलेली असल्यामुळे चित्र झिजत जातं. ३:४० ला, म्हणजे बारावी आवृत्ती सुरू होताना, अचानक पियानो वाजू लागतो. यावर ‘संगीत नको होतं’ हा शेरा झाला. त्याऐवजी असं म्हणता येईल: “पहिल्या अकरा आवृत्त्यांत मी फक्त चित्राच्या कडा कशा विरघळताहेत ते बघत होतो. ३:४० नंतर माझं लक्ष सुरावर गेलं आणि झिजण्याकडे दुर्लक्ष झालं. तुला तिथे लक्ष वळवायचं होतं का?” उत्तर ‘हो’ असेल तर चर्चा पुढे जाते. उत्तर ‘नाही, तो भाग रिकामा वाटला म्हणून टाकलं’ असं आलं तर दुखणं सापडलं: विद्यार्थ्याचा स्वतःच्या नियमावरचा विश्वास तिथे डळमळला.

याच व्हिडिओत आणखी एक गोष्ट पाहायला हवी. चित्र झिजतंय, पण कागदाचा आवाज अठराव्या वेळीही तितकाच स्वच्छ आहे. हे ठरवून केलंय, की मूळ ऑडिओ ट्रॅक तसाच खाली राहून गेलाय? आणि झीज सहाव्या-सातव्या आवृत्तीनंतर अडल्यासारखी वाटत असेल तर त्याचंही तांत्रिक कारण असतं. एकाच सेटिंगवर पुन्हा पुन्हा एक्सपोर्ट केलं की पहिल्या काही प्रतींत मोठा फरक पडतो, नंतर तो मंदावतो. दर वेळी बिटरेट (दर सेकंदाला वापरला जाणारा डेटा) थोडा उतरवला किंवा चित्र एक-दोन पिक्सेल सरकवलं, तर झीज चालू राहते. एवढं नेमकं सांगितलं की विद्यार्थी त्याच संध्याकाळी कामाला लागू शकतो.

चूक आणि हेतू यांतला फरक या माध्यमात फार नाजूक आहे. अमेरिकन कलाकार जोन जोनस यांच्या १९७२ च्या ‘व्हर्टिकल रोल’ या व्हिडिओत चित्र सतत उभ्या दिशेने सरकत राहतं. एरवी टीव्ही दुरुस्त करायला लावणारा हा दोष तिथे सगळ्या कामाचा कणा आहे. म्हणून दोष दिसला की लगेच ‘हे सुधार’ म्हणू नका. तो दोष पुन्हा येतो का, त्याला लय आहे का, बाकीचं काम त्याला धरून उभं आहे का, हे पाहा. एकदाच येऊन गेलेला दोष बहुधा अपघात असतो.

खरोखरच अपघात असलेल्या गोष्टी वेगळ्या कागदावर लिहून द्या, त्यांनी चर्चेचा वेळ खाऊ नये. वारंवार भेटणाऱ्या काही सांगतो. सेकंदाला ३० फ्रेमचं चित्रीकरण एडिटिंगच्या २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर टाकलं की दर सहावी फ्रेम गळते आणि कॅमेरा आडवा फिरताना झटके दिसतात. अंधारात हळूहळू विरणाऱ्या दृश्यात पट्टे उमटतात, कारण ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात. बारीक ग्रेन (चित्रावरचे दाणे) मिसळला की पट्टे बरेच लपतात. डिजिटल आवाज शून्य डेसिबलच्या वर गेला की छाटला जातो आणि छाटलेला भाग परत मिळत नाही, म्हणून रेकॉर्ड करतानाच आवाजाची शिखरं उणे सहा डेसिबलच्या खाली ठेवायला सांगा. लूपच्या सांध्यावर ‘टक्’ ऐकू आलं तर दोन्ही टोकांना काही मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) पुरतो. आणि एक गोष्ट मात्र चर्चेच्या सुरुवातीलाच बोला: सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारा प्रकाश अपस्माराच्या काही रुग्णांना झटका आणू शकतो. असा भाग असेल तर दारावर ठळक सूचना हवीच.

लांबीबद्दल विद्यार्थी विचारतोच. ‘दोन मिनिटं काप’ असं सांगू नका. “१:४० ला मी नवीन काही शोधणं थांबवलं, ३:०५ ला पुन्हा सावध झालो” असं सांगा. कंटाळा हेही या कलेतलं साहित्य आहे. मधली ८५ सेकंदं त्यासाठीच आहेत की नाहीत, ते त्यालाच ठरवू द्या.

निवेदनात बहुधा ‘स्मृती’, ‘विस्थापन’ असे मोठे शब्द असतात. त्यांच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. “हा शब्द तुझ्या कोणत्या शॉटमध्ये आहे?” एवढंच विचारा. तो शॉट दाखवता आला नाही, तर एक तर शब्द बदलायला हवा किंवा शॉट.

काम विद्यार्थिनीच्या स्वतःच्या शरीराबद्दल किंवा घरच्यांबद्दल असेल तर ‘तू इथे रडतेस’ असं न म्हणता ‘पडद्यावरची बाई इथे रडते’ असं म्हणा. तेवढ्या अंतरामुळे तिला स्वतःचं काम बाहेरून बघता येतं. मात्र चित्रीकरण झालेल्या माणसांची संमती आहे का, हे सरळच विचारा.

शेवटी मुद्दे तीनच ठेवा. पुढचं सगळं ऐकून घेतलं जातं, पण वापरलं जात नाही. त्यातला कोणता आधी घ्यायचा ते विद्यार्थ्यालाच ठरवू द्या आणि त्याच्याच हाताने लिहून घ्या. दुसरा मसुदा आला की जुनी टिपणं उघडायच्या आधी तो एकदा सलग पाहा. नाहीतर सांगितलेल्या जागाच तेवढ्या तपासल्या जातात, आणि त्या दुरुस्त करताना नव्याने बिघडलेली जागा नजरेतून सुटते.