जलदूत, बोअर आणि मामाचा ऊस

परवा मोबाईलमधला पसारा आवरताना २०१६ चे फोटो सापडले, लातूरच्या रूमवरचे. ओळीने भरून ठेवलेल्या बादल्या आणि कुलूप लावलेली टाकी. हो, कुलूप! पाणी चोरीला जायचं.

मी तेव्हा सीईटीसाठी तिथे होतो. लातूरला पाणी देणारं धनेगावचं धरण कोरडंठाक, भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदीचं कलम १४४ लावलेलं, आणि १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून जलदूत ही पाण्याची रेल्वे आली, १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर कृष्णेचं पाणी. (त्याच कृष्णेने २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली बुडवली, हे वेगळंच.)

परीक्षा झाल्यावर मामाकडे गेलो तर गावात टँकर आणि मामाच्या रानात ऊस. वाळत चाललेला, पण ऊसच. मी शहाणपणा केला, म्हटलं मामा लोकांना प्यायला पाणी नाही अन् तुम्ही ऊस कसला लावताय. मामा चिडला नाही. म्हणाला, "२०१४ च्या गारपिटीत गहू, हरभरा सगळं झोपलं. उसाची पानं फाटतात, कांड्या राहतात. कारखाना एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला भाव तरी देतो, तुझ्या तुरीला काय भाव मिळंल कुणी सांगावं?" मी गप्प.

म्हणजे बघा, हवामानाचा भरवसा राहिला नाही म्हणून माणूस उसाकडे वळतो, ऊस वर्षभर पाणी पितो, म्हणून बोअर, तिला लागलं नाही की अजून खोल दुसरी, आणि पुढच्या वेळी पावसाने दडी मारली की जमिनीखालचं आपण आधीच उपसून बसलेलो असतो. आज्जी ७२ च्या दुष्काळाचं सांगायची, खायला नव्हतं, मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) खाल्ला, दुष्काळी कामांवर खडी फोडली (त्या कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला), पण आमच्या विहिरीला पाणी होतं म्हणे. २०१६ ला रेशनवर धान्य होतं आणि पाणी रेल्वेने.

त्याच वर्षी परतीच्या पावसात धरण भरलं आणि झालं, परत सगळीकडे ऊस.

मामाने आता ठिबक केलंय, तेवढं एक बरं. पण गेल्या आठवड्यात फोन आला, अजून एक बोअर मारायचीय, मशीनवाल्याचा नंबर बघ म्हणून.

शोधून दिला.