सर्व्हर डायरी, महिना तिसरा: सगळ्यांचं ऑप काढलं

मंडळी, या महिन्यात काम एकच पण मोठं झालं. आमच्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर सात जणांकडे ऑप (ऑपरेटर, म्हणजे सर्व्हरवर खास कमांड चालवायचे अधिकार) होतं, ते सगळ्यांचं काढलं, माझं स्वतःचं पण. आता मला काही करायचं असेल तर कन्सोलवरनंच (सर्व्हरच्या गेमबाहेरच्या कमांड खिडकीतनं) करतो.

नवीन लोकांसाठी सांगतो, जावा एडिशनमध्ये ऑपच्या 4 लेव्हल असतात. 1 वाल्याला स्पॉनच्या (नवे खेळाडू जिथे सुरुवात करतात त्या) राखीव भागात बांधता-तोडता येतं, 2 ला गेममोड, गिव्ह, टेलिपोर्ट वगैरे, 3 ला किक-बॅन आणि 4 वाला तर सर्व्हरच बंद करू शकतो. आणि सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट 4 असतं! म्हणजे मामेभावाला वाडा बांधायला क्रिएटिव्ह (हवे तेवढे ब्लॉक मिळणारा मोड) हवं होतं म्हणून मी ऑप दिलं आणि त्यासोबत स्टॉप कमांड पण त्याच्या हातात गेली, ती एकदा चुकून टाइप झालीच, तेव्हा दोघं जण नेदरमध्ये (गेममधल्या धोक्याच्या दुनियेत) होते.

मग लकपर्म्स टाकलं, म्हणजे कुणाला कोणते अधिकार ते ठरवणारं प्लगइन. ग्रुप तीनच ठेवलेत, डिफॉल्ट, हेल्पर, मॉड (मॉडरेटर). हेल्परला म्यूट आणि कोअरप्रोटेक्टचं (कोणता ब्लॉक कुणी बदलला याची नोंद ठेवणारं प्लगइन) इन्स्पेक्ट, मॉडला त्यावर किक आणि रोलबॅक (झालेले बदल उलटवणं). बॅन कुणालाच नाही, दोन मॉड हो म्हणाले की मी कन्सोलवरनं करतो. नवीन हेल्परला अ‍ॅडटेम्प कमांडनं 14 दिवसांसाठीच ग्रुप देतो, मुदत संपली की आपोआप निघतो, म्हणजे कुणाला "तुझं काढलं" असं तोंडावर सांगावं लागत नाही, हे मला फार आवडलं.

आता शनिवारची गोष्ट. रात्री त्याच वाड्याची मागची भिंत आणि तुळशीवृंदावन उडालेलं दिसलं, जमिनीत हा मोठा खड्डा. तीन दिवसांपूर्वी आलेला एक पोरगा तिथेच आसपास फिरत होता, झालं, चॅटमध्ये सुरू, यानंच टीएनटी लावला, बॅन करा बॅन करा. पोरगा बिचारा "मी नाही केलं" एवढंच लिहीत होता. आमच्या हेल्परनं इन्स्पेक्ट चालू केलं, हातात मातीचा ब्लॉक घेतला आणि वृंदावन होतं त्या रिकाम्या जागी ठेवला. या मोडमध्ये ब्लॉक बसत नाही, तिथलं आधीचं काय गेलं आणि कुणी नेलं ते चॅटमध्ये येतं. आलं काय, तर हॅश क्रीपर (जवळ येऊन स्वतःच फुटणारा गेममधला प्राणी, खेळाडू नव्हे), 0.70 तासापूर्वी! मॉडनं युजर हॅश क्रीपर, वेळ 1 तास, त्रिज्या 15 असा रोलबॅक मारला आणि वृंदावन होतं तसं परत उभं.

मला अजून त्या पोराचा विचार येतो. दोन महिन्यांपूर्वी बॅन सात जणांकडे होतं आणि तपासायचं साधन एकाकडेही नव्हतं, तेव्हा हे झालं असतं तर तो दहा सेकंदांत बाहेर गेला असता. ज्यांनी आरोप केला त्यांना मी चॅटमध्येच सॉरी म्हणायला लावलं.

मामेभाऊ मात्र नाराज आहे. "दादा, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" असं त्यानं फोन करून विचारलं. त्याला बांधकामासाठी वेगळं क्रिएटिव्ह वर्ल्ड करून दिलंय, तरी दोन दिवस आलेला नाही, उद्या घरी जाऊन बोलतो.

एक अडलंय, हेल्परनं म्यूट जास्तीत जास्त किती वेळ करावं? सध्या 10 मिनिटं ठेवलंय, तुमच्याकडे किती आहे ते सांगा.