तुम्ही विचारलंत म्हणून: तळी, शहरं, शिडाची बोट... आणि गाइड

“स्लोव्हेनिया-क्रोएशियाला ग्रुपबरोबर जावं की आपलं आपण?” हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारला गेलाय, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापूस असताना विचारलाय. मी मराठी मंडळींचे छोटे ग्रुप घेऊन तिकडे जाते. त्यामुळे माझं उत्तर काय असणार हे विचारणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. पण ते एक उत्तर नाहीच. तळ्याकाठी माझं म्हणणं एक आहे, शहरात दुसरं आणि बोटीवर तिसरं.

दौरा साधारण सगळ्यांचा सारखाच असतो. इस्तंबूल किंवा फ्रँकफर्टमार्गे स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना, तिथून आल्प्समधली ब्लेड आणि बोहिन्य ही तळी, मग क्रोएशियात प्लिट्वित्सेच्या तळ्यांवरून खाली समुद्राकाठचं स्प्लिट, आणि स्प्लिटहून बोटीने बेटं करत करत दुब्रोव्निक. हे सगळं एका सुट्टीत बसतं कारण अंतरं लहान आहेत. अख्खा स्लोव्हेनिया वीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडा मोठा.

ब्लेडला तुम्हाला माझी गरज नाही. तळं दोन किलोमीटर लांब, भोवतीची वाट सहा किलोमीटरची आणि जवळजवळ सपाट. ठरवून हरवायचं म्हटलं तरी जमणार नाही. मधोमध बेट, बेटावर चर्च, धक्क्यापासून वर ९९ पायऱ्या. फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलाच आहे. बेटावर नेणाऱ्या लाकडी होडीला प्लेतना म्हणतात. बूड सपाट, वर रंगीत छत, आणि नावाडी मागे उभा राहून दोन वल्ह्यांनी ती चालवतो. काठावरच्या म्लिनो गावातल्या घराण्यांकडे हे काम ऑस्ट्रियाच्या राणी मारिया थेरेसाच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून चालत आलंय. त्या नावाड्याकडे जरा लक्ष द्या. तो कुणाला वजन विचारत नाही. एक नजर टाकतो आणि बोटाने दाखवतो: तुम्ही इकडे, तुम्ही तिकडे, तुम्ही अगदी पुढे. नवरा-बायको हमखास समोरासमोरच्या बाकांवर जातात. मध्येच कुणी फोटोसाठी उभं राहिलं तर तो वल्हं थांबवतो आणि काही न बोलता नुसता बघत राहतो. आमच्या ग्रुपमधल्या भल्याभल्या काकू त्या नजरेने खाली बसलेल्या मी पाहिल्यात.

मग काठावर येऊन क्रेमश्निता खायची, म्हणजे कस्टर्ड आणि क्रीमची चौकोनी वडी. १९५३ पासून तिथल्या पार्क हॉटेलात ती बनते. त्यात अंडं असतं, आधीच सांगून ठेवते.

बोहिन्य अर्ध्या तासावर आहे आणि तिथे बऱ्याच दौऱ्यांचं गणित चुकतं. बेट नाही, किल्ला नाही, त्यामुळे जाहिरातीत फोटो चांगला येत नाही, म्हणून तासाभरात उरकतात. खरं तर हे तळं ब्लेडच्या दुप्पट लांब, चार किलोमीटरहून जास्त, आणि थेट डोंगरांच्या कुशीत. फोगेल डोंगराच्या रोपवेने १,५३५ मीटरवर गेलात की समोर त्रिग्लाव, २,८६४ मीटर, देशातलं सर्वांत उंच शिखर. त्यांच्या झेंड्यावर आहे ते हेच. कुठल्याही कंपनीचा कार्यक्रम हातात आला की मी आधी बघते बोहिन्यला किती तास दिलेत. दोनच असतील तर पुढचं पान उलटायच्या आधी विचार करा.

व्हिसाचं दोन वाक्यांत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे दोन्ही देशांना एकच व्हिसा चालतो. अर्ज ज्या देशात जास्त रात्री त्याच्याकडे करायचा, म्हणजे या दौऱ्यात बहुधा क्रोएशियाकडे. पुढे मॉन्टेनिग्रोचं कोतोर जोडायचा मोह होतो, पण तो शेंगेनच्या बाहेर आहे आणि तिकडून परत यायचं तर मल्टिपल एन्ट्री लागते.

प्लिट्वित्सेच्या सोळा तळ्यांवर मी पाल्हाळ लावत नाही. जा, सकाळची वेळ धरा, तिकीट आधीच काढा, कारण ते तासाच्या हिशेबाने मिळतं. पाण्यात उतरता येत नाही. लाकडी पुलांवरून एकामागून एक चालायचं असतं, आणि पुढच्याने सेल्फी काढली की मागची रांग थांबते.

त्यानंतरचा रस्ता मात्र झोपेत घालवू नका. मोटारवे वेलेबित डोंगराला लागतो आणि स्वेती रोक नावाच्या पावणेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरतो. आत जाताना कधी धुकं असतं, कधी पाऊस, सगळं हिरवंगार. बाहेर पडताना पांढरे खडक, खुरटी झुडपं आणि डोळ्यांवर येणारं ऊन. एका डोंगराने दोन हवा वेगळ्या ठेवल्यात. याच डोंगरावरून थंड हवा समुद्रावर कोसळते तेव्हा बोटवाले बंदरातून हलत नाहीत. त्या वाऱ्याला बुरा म्हणतात, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

स्प्लिटला गाइड घ्याच. दीड तास पुरे, पण लायसन्सवाला स्थानिक घ्या. मी स्वतः तिथे तोंड मिटून मागे उभी राहते. गाइड नसेल तर तिथला रोमन राजवाडा म्हणजे जुन्या दगडांत बसवलेलं शॉपिंग सेंटर वाटतो. रोमन सम्राट डायोक्लेशनने इसवी सन ३०५ मध्ये आपण होऊन गादी सोडली आणि निवृत्तीसाठी इथे वाडा बांधून राहायला आला. आपल्याकडच्या पुढाऱ्यांची नावं काढून ग्रुपमध्ये इथे नेहमी एक विनोद होतो, तो तुम्हीच करून घ्या. पुढे सातव्या शतकात जवळचं सालोना शहर पडलं तेव्हा तिथले लोक या तटबंदीच्या आत आले आणि राहिले ते राहिलेच. आजही खिडक्यांतून कपडे वाळत असतात. वरचे शाही मजले गेले, पण तळघरं टिकली, कारण वर राहणाऱ्यांनी शतकानुशतकं आपला कचरा त्यांत टाकला आणि ती भरून गेली. विसाव्या शतकात ती उपसली, तेव्हा वरच्या दालनांचा नकाशा कळला, कारण खालच्या भिंती वरच्यांच्या बरोबर खाली होत्या. आणि ज्याने ख्रिस्ती लोकांचा छळ केला त्या सम्राटाच्या कबरीची इमारत आज कॅथेड्रल आहे, त्याच्याच राजवटीत मारल्या गेलेल्या बिशप डोम्नियसच्या नावाने. हे फोनवर वाचता येतं, खरं आहे. पण कुठल्या कोपऱ्यात उभं राहून वर बघायचं हे माणूसच सांगतो.

आता बोट. सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच असतो. माहितीपत्रकात ‘सेलिंग’ लिहिलेलं असतं, चित्रात शीडही असतं, आणि प्रत्यक्षात तीस-चाळीस माणसांची मोठी लाकडी बोट असते. तिची डोलकाठी शोभेपुरती, प्रवास सगळा इंजिनावर. त्यात वाईट काही नाही. केबिन मोठ्या, जेवण आयतं, वयस्क मंडळींना सोयीचं. पण मग तिला सेलिंग म्हणू नका. पैसे भरायच्या आधी एकच विचारा: शीड रोज उभारणार का? एका कंपनीच्या माणसाने मला यावर “मॅडम, वारा असेल तर,” असं सांगितलं होतं. त्या बोटीवर शिडाचं कापडच नव्हतं.

खरी शिडाची बोट म्हणजे चौदा-पंधरा मीटरची यॉट, आठ पाहुणे आणि एक स्किपर, म्हणजे बोट चालवणारा. मे ते सप्टेंबर या बोटी बहुतेक शनिवार ते शनिवार मिळतात. इथे गाइड असो-नसो, स्किपर हवाच. आणि माझंही खरं काम इथेच सुरू होतं.

कडक सुटकेस आणायची नाही, ती ठेवायला जागाच नसते. कापडी बॅग हवी, रिकामी झाल्यावर घडी करून बाकाखाली जाते. बूट काढून डेकवर यायचं, हे आपल्याला सांगावं लागत नाही. गोडं पाणी टाकीतलं, त्यामुळे बादलीभर आंघोळ विसरा. पोहून आलं की मागच्या फळीवर हातशॉवरने अंगावरचं मीठ काढायचं, झालं. टॉयलेटमध्ये कागद टाकायचा नाही. हे मी पहिल्या संध्याकाळी सांगते, दुसऱ्या सकाळी सांगते, आणि तरी आठवड्यात एकदा स्किपर हातमोजे घालून खाली जातोच.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलेलं आठवतंय? तिथे उन्हाळ्यात तो धडा रोज दिसतो. सकाळी समुद्र ताटासारखा. इंजिनावर एखाद्या खाडीत जायचं, पोहायचं, खायचं. अकरा-बाराला जमीन तापली की वायव्येकडून माएस्त्राल सुटतो, तीनच्या सुमाराला जोरात असतो आणि सूर्यास्ताबरोबर पडतो. स्किपर बोट वाऱ्याच्या तोंडाला धरतो, शीड वर जातं, मग तो इंजिन बंद करतो. त्यानंतर बोट एका अंगावर कलते. चहाचे कप टेबलावरून सरकायला लागतात, केबिनमध्ये कुणाचा तरी चिवड्याचा डबा धाडकन पडतो, आणि कुणीतरी माझा दंड घट्ट धरतं. म्हणून मी आधीच सांगून ठेवते की बोटीच्या तळाखाली किल असते, शिशाचं नाहीतर ओतीव लोखंडाचं टनावारी वजन. बोट जितकी कलेल तितकं ते तिला परत सरळ ओढतं. एवढं कळलं की निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी अ‍ॅव्होमिनने जाते, पण ती गोळी निघायच्या आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही.

कोर्चुला बेटावरच्या जुन्या गावात गल्ल्या बघा. माशाच्या काट्यासारखी आखणी आहे. पश्चिमेकडच्या गल्ल्या सरळ, माएस्त्राल आत यावा म्हणून. पूर्वेकडच्या किंचित वळवलेल्या, बुरा थेट घुसू नये म्हणून. बोटीवर चार दिवस काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि बुरा. आकाश स्वच्छ निळं, आपल्याला वाटतं काय छान दिवस आहे, आणि स्किपर म्हणतो आज हलायचं नाही. इथे आपलं आपण गेलेल्यांची पंचाईत होते, कारण पुढचं हॉटेल बुक असतं, आणि वाईट ग्रुप टूरचीही होते, कारण पुढची बस ठरलेली असते. दौऱ्यात एक-दोन रात्री सैल ठेवलेल्या असतील तरच स्किपर निर्धास्तपणे ‘नाही’ म्हणू शकतो. ग्रुपला मग मला तोंड द्यावं लागतं. “म्ल्येत बेट कार्यक्रमात लिहिलंय ना?” लिहिलंय, पण आज होणार नाही. मग आम्ही बंदरातच राहतो, बाजारातून टोमॅटो, बटाटे, पालेभाजी आणतो आणि कुणीतरी फोडणी देतं. माहिती सगळी फोनमध्ये आहे. काय सोडायचं ते ठरवून वाईटपणा घ्यायला माणूस लागतो, आणि मला पैसे द्यायचेच असतील तर त्याचे द्या.

जेवणाबद्दल: शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत. बटाटा घातलेली ब्लित्वा ही पालेभाजी, पास्ता, पिझ्झा, बुरेक म्हणजे चीज भरलेला पातळ पापुद्र्यांचा खाऊ, सगळं सगळीकडे. मासे खाणाऱ्यांना मासळी ताजी मिळते, पण ऑलिव्ह तेल, लसूण, मीठ यापलीकडे तिला काही लागलेलं नसतं. मालवणकडच्या मंडळींनी तिरफळं नाहीतर मसाल्याची पुडी बरोबर ठेवावी. खाडीतल्या लहान हॉटेलांत जेवायला गेलात तर बोट बांधायचे पैसे ते बहुधा घेत नाहीत.

दुब्रोव्निकला पुन्हा गाइड, तासभर. तट जवळपास दोन किलोमीटरचा आहे, दार उघडताच चढा, दहानंतर ऊन आणि क्रूझची गर्दी एकदम येते. वरून छपरं बघा. १९९१-९२ च्या वेढ्यात तोफगोळ्यांनी जी उडाली, तिथली कौलं अजूनही जास्त लाल दिसतात. शहराचा राखणदार संत ब्लेझ, हातात शहराची प्रतिकृती घेऊन जागोजागी उभा असतो. गोव्याची मंडळी असली की मी थांबून सांगते की कुंभारजुव्याजवळ गवंडाळीला याच संताचं चर्च आहे, आणि जुन्या गोव्याच्या भरभराटीच्या काळात आलेल्या दुब्रोव्निकच्या व्यापाऱ्यांशी त्याचं नातं सांगितलं जातं.

कधी जायचं? त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, पण समुद्र तेव्हा गार असतो. जुलै-ऑगस्टला गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले. शाळेत जाणारी मुलं असतील तर जूनचा पहिला आठवडा धरा, नसतील तर सप्टेंबर.

“पोहता येत नाही, चालेल?” चालेल. लाइफ जॅकेट घालून शिडीला धरून तरंगायचं, आमच्याकडे अर्धे लोक तेच करतात. पायात रबरी चपला मात्र हव्यात, किनारे गोट्यांचे आहेत आणि खडकांना काटेरी सी-अर्चिन चिकटलेले असतात. अडचण पोहण्याची नाही, फळीची आहे. तिथे बोट पाठमोरी धक्क्याला लावतात आणि हातभर रुंदीच्या फळीवरून उतरायचं असतं. भरती-ओहोटीचा फरक आपल्या कोकणासारखा नसतो, त्यामुळे फळी फार तिरकी होत नाही, पण हलते. स्किपर हात देतो, तरी एक पाऊल आपलं आपल्यालाच टाकावं लागतं. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर यंदा तळी आणि शहरं करा, बोट पुढच्या वर्षी.