तुम्ही विचारलंत म्हणून: मालगाडीच का?

गळ्यात कॅमेरा अडकवून मी शेताच्या बांधावर तासन् तास उभी असते हे कळलं, की हा प्रश्न ठरलेला. "एवढ्या चकचकीत प्रवासी गाड्या सोडून मालगाडीच्या मागे कसल्या धावता?"

कारण ती पुन्हा सापडते. प्रवासी गाडी समोरून गेली की गेली. मालगाडीला मात्र मागच्या गाडीला वाट द्यायला लूप लाइनवर, म्हणजे मुख्य रुळांशेजारच्या बाजूच्या रुळावर, थांबावं लागतं, कधी दहा मिनिटं, कधी दोन तास. लांबलचक चढावर तर ती ओझ्यानं इतकी मंदावते की सायकलवालाही तिला गाठेल. तेवढ्यात आम्ही रस्त्यानं पुढचं वळण गाठतो. पहिला फोटो ओळखीपुरता: इंजिनं किती, वाघिणी भरलेल्या की रिकाम्या, मधेच एखादी वेगळ्या रंगाची आहे का. (मालडब्याला वाघीण म्हणणारी आपली भाषा, याचा मला उगाच अभिमान आहे.) दुसऱ्या भेटीत ती वेगळी वाघीण वळणावर नेमकी कुठे आली की बटण दाबायचं, हे आधीच ठरलेलं असतं.

ती कधी येणार हे कसं कळतं? बहुतेकदा कळत नाही. सिग्नल बदलला, लांबून भोंगा आला, की उठायचं. उजेड तेवढा आपल्या हातात. भर दुपारी इंजिनाच्या खालचा भाग काळाकुट्ट येतो. ऊन तिरपं झालं की ते थेट चाकांपर्यंत पोचतं, म्हणून मी सकाळ-संध्याकाळच धरते. ताशी 60 किलोमीटरनं जाणारी गाडी, फोटो टिपला जातो त्या 1/500 सेकंदात, तीन सेंटिमीटरहून जास्त सरकते. जवळून, बाजूनं टिपलं तर वाघिणीवरचे आकडे फिसकटतात. लांबच्या लेन्सनं समोरून घेतलं तर तेवढं खपून जातं.

रुळांवर मात्र पाय ठेवायचा नाही. भरलेल्या मालगाडीला थांबायला कधी कधी किलोमीटरभर अंतरही पुरत नाही, चालकाला तुम्ही दिसून काय उपयोग? आणि पाठलागात स्टिअरिंग कधीच माझ्या हाती नसतं. माझी नजर सारखी रुळांकडे जाते, हे घरच्यांना पक्कं ठाऊक आहे.

एकदा एका गाडीला पुलाआधी गाठायचंच म्हणून आम्ही आडरस्ता धरला. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं, बंद. जिला मागे टाकायला निघालो, तिच्यासाठीच ते पाडलेलं! कॅमेरा मागच्या सीटवर, पिशवीत, चेन लावलेला. मी खाली उतरून नुसत्या वाघिणी मोजत राहिले. एकोणचाळीसपर्यंत मोजल्या आणि मग शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "काय मोजताय?" तिथे आकडा चुकला.

फाटक उघडल्यावर आम्ही पुन्हा तिच्या मागे निघालो.