तिसऱ्या उन्हाळ्याची मोजणी

आमच्या गटाची वही माझ्याकडे असते. पहिल्या पानावर मीच ठळक अक्षरात लिहिलंय : लावलेली रोपं २४०. तो दिवस फार आनंदाचा होता. मुलं चिखलात माखली होती, प्रत्येकाने आपापल्या रोपाला नाव दिलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात तीच वही घेऊन एकेक आळं बघत फिरले. जिवंत रोपं भरली ६१.

एक वाळलेलं रोप उपटून पाहिलं. काहीच जोर लागला नाही. मुळं बाहेरच्या मातीत शिरलीच नव्हती. रोपवाटिकेच्या पिशवीत असतानाच तळाशी गोल गोल फिरून त्यांची घट्ट चुंबळ झाली होती आणि वर्षभर ती तशीच राहिली होती. रोप पिशवीत फार दिवस राहिलं की असं होतं. अशातलं एखादं जगलं, तरी मुळं एकमेकांना आवळत जातात आणि झाड ऐन भरात आल्यावर वाऱ्याने आडवं होतं. म्हणून आता आम्ही पिशवी फाडली की तळाची बोटभर गुंडाळी कापून टाकतो आणि कडेच्या मुळांवर उभे दोन-तीन काप देतो. उंच रोपांचा मोहही सोडला. कमरेएवढ्या रोपापेक्षा वीतभर उंचीचं, ताज्या मुळांचं रोप लवकर जीव धरतं.

रोपं मरण्याचं दुसरं कारण गवत. आपण घातलेलं पाणी गवताची मुळं वरच्या वर पिऊन टाकतात. रोपाभोवती मीटरभर गोल जागा स्वच्छ ठेवायची आणि त्यावर पाचोळ्याचा जाड थर द्यायचा. खोडापासून मात्र चार बोटं लांब, नाहीतर ओल धरून बुंधा कुजतो.

या पाचोळ्याच्या बाबतीत माझ्या हातून चूक झाली, तीही सांगते. पहिल्या वर्षी मी शेजारच्या जुन्या रानातून पोती भरभरून पाचोळा आणला. फुकटचा माल वाटला होता. एकदा तिथेच बसून थर हाताने बाजूला केला. वर कोरडी पानं, त्याखाली ओलसर, जाळी झालेली, आणि त्याखाली काळी भुसभुशीत माती, तिच्यात बुरशीचे पांढरे धागे पसरलेले. यातल्या काही बुरशी झाडाच्या मुळांशी जोडल्या जातात, त्यांना स्फुरद (फॉस्फरस) आणि पाणी आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात. मी नेलेली पोती म्हणजे त्या रानाचं जेवण होतं. आता तिथली फक्त बादलीभर माती आणतो, रोपवाटिकेच्या मातीत मिसळायला. आच्छादनासाठी रस्त्यावरचा, अंगणांतला पाचोळा गोळा करतो. एरवी तो जाळलाच जातो.

वठलेली झाडं तोडून रान ‘साफ’ करावं असंही कोणी ना कोणी सुचवतं. मी ठाम नाही म्हणते. तिथे घुबडाची ढोली असते, किड्यांचं घर असतं.

रानाकडून घ्यायचं ते बी. गटातल्या एक मावशी बरोबर असतात, त्यांची नजर पक्की आहे. एकाच मोठ्या झाडाखालून सगळं बी वेचायचं नाही. लांबलांबच्या बऱ्याच झाडांखालचं थोडं थोडं घ्यायचं, म्हणजे सगळी रोपं एकाच आईची होत नाहीत. बरंचसं तिथेच ठेवायचं. कडुनिंबाचं बी काही आठवड्यांतच निकामी होतं, ते लगेच पेरावं. बहाव्याचं कवच टणक, ते खरकागदावर घासल्याशिवाय पाणी आत जात नाही.

केनियात वंगारी मथाई यांनी १९७७ साली ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली. तिथे बायकांना मोबदला मिळायचा तो जगलेल्या रोपाचा, नुसत्या लावलेल्याचा नाही. मथाईंना २००४ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, पण मला त्या मोबदल्याच्या नियमाचं जास्त मोल वाटतं. आफ्रिकेतल्याच नायजरमध्ये तर टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन शेतीतज्ज्ञांच्या लक्षात आलं की शेतातली खुरटी झुडपं ही तोडलेल्या झाडांच्या जिवंत बुंध्यांचे फुटवे आहेत. शेतकऱ्यांनी चांगले फुटवे राखून बाकीचे छाटले आणि झाडं परत उभी राहिली.

आमच्या जागेच्या एका कोपऱ्यात आम्ही काहीच लावलं नव्हतं, फक्त गुरं येऊ दिली नव्हती. तिथल्या जुन्या बुंध्यांना फुटलेली झाडं आज माझ्या खांद्याला लागतात. आम्ही लावलेलं एकही तेवढं वाढलेलं नाही.

मधल्या पावसाळ्यात आम्ही ९० रोपांनी नांगे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरले होते. या तिसऱ्या उन्हाळ्याची मोजणी परवा झाली : जिवंत १२८. येत्या पावसात नवी रोपं फक्त ४०, तीही नांगे भरायला. यंदा रोपं आणण्याआधीच वहीत पुढच्या मे महिन्यापर्यंतच्या पाण्याच्या पाळ्या लिहून घेतल्यात, नावांसकट. दोन रविवार अजून रिकामे आहेत.